जबलपूरचा निकाल

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असे म्हणतात, आणि आमच्या लोधीखेड्याच्या माणसाला तर ती पायरी गाठायलाच फार लांब जावे लागते. एके काळी तसे नव्हते. हायकोर्ट नागपूरला होते. सकाळी निघावे, वकिलाला भेटावे, सीताबर्डीत जरा खरेदी करावी आणि दिवेलागणीला घरी परतावे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांच्या सीमा फिरल्या, नागपूर मुंबई राज्यात गेले, आम्ही मध्यप्रदेशात राहिलो आणि आमचे हायकोर्ट सातपुड्यापलीकडे जबलपूरला गेले. नागपूर हायकोर्टाचे शेवटचे मुख्य न्यायमूर्ती हिदायतुल्ला हेच जबलपूरचे पहिले मुख्य न्यायमूर्ती झाले, एवढाच काय तो जुना धागा उरला.

या दूरच्या कोर्टाने १९९३ साली दिलेल्या एका निकालाविषयी लिहायचे आहे. तो वर्षभरही टिकला नाही. तरीही आमच्या घरात त्याने जेवढे वाद पेटविले, तेवढे संत्र्याच्या बगीच्याच्या वाटणीनेही पेटविले नव्हते.

प्रसंग वाचकांना आठवतच असेल. ६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली. दंगली उसळल्या, आपल्या राज्यात भोपाळ पेटले. केंद्राने १० डिसेंबरला राष्ट्रीय स्वयंसेवक संघासह काही संघटनांवर बंदी घातली आणि १५ तारखेला मध्यप्रदेश, राजस्थान व हिमाचल प्रदेश येथील भारतीय जनता पक्षाची सरकारे कलम ३५६ खाली बरखास्त केली. भोपाळला सुंदरलाल पटवा मुख्यमंत्री होते. त्यांना हा अनुभव नवा नव्हता. १९८० च्या फेब्रुवारीतही इंदिराजींनी त्यांचे जेमतेम महिनाभराचे सरकार असेच घालविले होते. त्याआधी १९७७ मध्ये जनता पक्षाने केंद्रात येताच नऊ राज्यांतील काँग्रेसची सरकारे घालविली, त्यांतही मध्यप्रदेश होताच. तेव्हा राज्ये सर्वोच्च न्यायालयात गेली आणि रिकाम्या हाताने परतली; सरकार केव्हा घालवावे हा प्रामुख्याने राजकारणाचा प्रश्न, असा तेव्हाच्या निकालाचा कल होता. थोडक्यात, या औषधाची चव दोन्ही पक्षांनी घेतली होती आणि दोघांनीही ते दुसऱ्याला पाजले होते.

मी तेव्हा नागपूरला इतिहासात एम.ए. करीत होतो. बाबूजी जुने काँग्रेसवाले, काकाजी जनसंघाच्या काळापासून दिवा लावणारे. घर एक, चूल एक, वर्तमानपत्रे मात्र दोन: बाबूजींचे हिंदी, काकाजींचे नागपूरहून येणारे मराठी. एकाच घटनेला एकात ‘राष्ट्रपति शासन’ म्हणत, दुसऱ्यात ‘राष्ट्रपती राजवट’. शासन आणि राजवट यांत केवढे अंतर आहे, हे आपण सीमेवरच्या लोकांनीच जाणावे!

पटवा जबलपूरला गेले. आणि १९९३ च्या एप्रिलात तिथल्या पूर्णपीठाने बहुमताने राष्ट्रपतींची ती उद्घोषणाच रद्द ठरविली. कायदा व सुव्यवस्था बिघडणे वेगळे आणि घटनेनुसार राज्यकारभार चालविणेच अशक्य होणे वेगळे, असा त्यामागचा विचार होता. त्या काळात हे विलक्षणच होते. राष्ट्रपतींची सही, संसदेचा पाठिंबा, देशभर धर्माच्या नावाने तापलेली डोकी, आणि एक प्रांतीय हायकोर्ट म्हणते की कागद दाखवा, आम्ही तपासू. काकाजींनी पेढे वाटले. मीही खाल्ले, आणि पेढा तोंडात असतानाच म्हणालो, ‘रामशास्त्री अजून जिवंत आहे.’ बाबूजी उठून बगीच्याकडे निघून गेले.

केंद्राने अपील केले. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ११ मार्च १९९४ रोजी निकाल दिला. कर्नाटकाचे पदच्युत मुख्यमंत्री बोम्मई यांच्या नावाने तो ओळखला जातो. जबलपूरचा निर्णय फिरला आणि तिन्ही राज्यांतील बरखास्ती वैध ठरली. धर्मनिरपेक्षता हा घटनेच्या मूळ चौकटीचा भाग असून तिच्याविरुद्ध वागणारे राज्य सरकार घालविता येते, असे न्यायालयाने म्हटले. पण त्याच निकालात असेही ठरले की अशी उद्घोषणा न्यायालयाला तपासता येते; ती कोणत्या आधारावर काढली हे केंद्राला दाखवावे लागेल; संसदेची संमती मिळेपर्यंत विधानसभा विसर्जित करता येणार नाही; आणि उद्घोषणा चुकीची ठरली तर घालविलेले सरकार परत आणता येईल. बहुमत कोणाचे हे राजभवनात न मोजता सभागृहात मोजावे, हेही त्यातच आले. या निकालाचा पुढे सर्वाधिक आधार घेतला गेलेला भाग लिहिणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत हे आपले मराठी न्यायाधीश होते.

मध्यप्रदेशात तोवर निवडणुका होऊन दिग्विजयसिंहांचे सरकार आलेही होते, म्हणून प्रत्यक्षात काहीच बदलले नाही. आमच्या घरात मात्र निकालाची रीतसर वाटणी झाली: पहिला अर्धा बाबूजींचा, दुसरा अर्धा काकाजींचा. मी मात्र भडकलो होतो. न्यायाधीश सरकारला विकले गेले, असे काहीसे बोललो. बाबूजी शांतपणे म्हणाले, ‘मागच्या एप्रिलात तुले कोर्ट रामशास्त्री वाटत होतं. आता विकलं गेलं? कोर्ट तेच आहे बाबू, निकाल तुह्या मनासारखा नाही एवढंच.’ हे त्यांनी म्हणावे याची गंमत अशी की एप्रिलात ते स्वतःही चार दिवस जेवणाच्या पाटावर अबोला धरून बसले होते.

रामशास्त्री प्रभुण्यांची गोष्ट मी पुढे वर्गात कित्येकदा सांगितली. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, शास्त्रीबुवांनी राघोबादादांना दोषी ठरवून देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडले. मुले टाळ्या वाजवितात. पण तो निकाल बजावणारे कोणी नव्हते. राघोबा आणखी काही महिने गादीवर राहिले, आणि त्यांना हटविले ते बारभाईंच्या राजकारणाने. रामशास्त्र्यांना परत मानाने आणले तेही बारभाईंनीच. शिवाय त्या काळी न्याय आणि धर्म एकाच पोथीतून वाचले जात. राज्याचा धर्म एक आणि न्यायाची पोथी वेगळी, असा पेच त्यांच्यापुढे नव्हताच. बोम्मई प्रकरणातील न्यायमूर्तींपुढे तो होता.

अमेरिकेत हा पेच फार आधी आला. तिथे १७९१ पासून घटनेनेच सरकारला धर्माची स्थापना करण्यास मनाई केली आहे. तरी १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांत सरकारने रचलेली प्रार्थना म्हणविणे बंद केले, तेव्हा लोक खवळून उठले. (रोज सकाळी शाळेत प्रार्थना घेणारा मुख्याध्यापक म्हणून मला त्या लोकांचा राग कळतो.) तिथे न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष निवडतो आणि सिनेट मंजूर करते, म्हणून कोण कोणाचा हे लोकांना पाठ असते. नेमणूक मात्र तहहयात असल्याने नेमणाऱ्यालाच तोंडघशी पाडणारे न्यायाधीशही तिथे निघाले. आपल्याकडे ऑक्टोबर १९९३ च्या निकालाने नेमणुकांत न्यायमूर्तींचाच शब्द वरचढ झाला. त्यातही बंद दाराआडचे दोष आहेतच.

जबलपूरचा विचार करताना आणखी एक गोष्ट मनात येते. आणीबाणीत बंदिवानांच्या अर्जांवर सुनावणी करता येईल असे म्हणणाऱ्या हायकोर्टांत जबलपूरही होते. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ते खोडून काढले. त्या चारांत आपले यशवंतराव चंद्रचूड होते, हे मराठी माणसाने झाकू नये. एकटे पडलेल्या न्यायमूर्ती खन्नांना पुढे डावलले गेले आणि त्यांनी राजीनामा दिला. तो निकाल चुकला होता, हे २०१७ मध्ये यशवंतरावांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड यांनीच लिहिले. म्हणजे जबलपूर दिल्लीत दोनदा हरले. एकदा पूर्ण खरे ठरायला एक्केचाळीस वर्षे लागली, एकदा निम्मे खरे हरतानाच ठरले.

१९९७ च्या फेब्रुवारीत तेच पटवा छिंदवाड्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीला उभे राहिले आणि कमलनाथांना हरवून गेले; पुढल्याच वर्षी कमलनाथांनी ती जागा परत घेतली. बाबूजींनी दोन्ही वेळा पटवांच्या विरोधात मत दिले. पण पहिल्या वेळी केंद्रावरून येताना म्हणाले, ‘माणूस कोर्टात गेला होता, दगड घेऊन रस्त्यावर नाही.’

२०१६ च्या एप्रिलात नैनीतालच्या हायकोर्टाने उत्तराखंडातील राष्ट्रपती राजवट रद्द केली. या वेळी घालविलेले सरकार काँग्रेसचे होते. बाबूजी तोवर गेले होते. काकाजींची नजर अधू झालेली, म्हणून बातमी मी वाचून दाखविली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारले, ‘जबलपूरचं नाव हाय का त्याच्यात?’

‘नाही,’ मी म्हणालो, ‘बोम्मईचं आहे.’

‘मंग झालं,’ काकाजी म्हणाले, आणि ते पान घडी करून बाबूजींच्या पेटीत ठेवायला सांगितले.