काठावरचे रोप कोणाचे?

सोळा आणे हा शब्द आपल्या बोलण्यात अजून टिकून आहे. आणे चलनातून गेले, तरी एखादी गोष्ट सोळा आणे खरी असतेच. शेतीच्या दप्तरात मात्र या आण्यांना फार मोठे वजन होते. पीक उभे असताना पटवारी किंवा तलाठी शिवारातून फिरायचा आणि यंदाचे पीक किती आणे, ते नजरेने ठरवायचा. एकरी सर्वसाधारण उतारा, पेऱ्याखालचे क्षेत्र आणि ही आणेवारी यांचा गुणाकार केला की तालुक्याचे, जिल्ह्याचे आणि शेवटी प्रांताचे उत्पन्न कागदावर येई. त्यावरच शेतसाऱ्यात सूट द्यायची की नाही ते ठरे. दुष्काळ आहे की नाही, हेही त्यावरच ठरे.

गंमत अशी की 'सर्वसाधारण' म्हणजे किती आणे याबद्दलही एकवाक्यता नव्हती. कुठे सोळा आणे धरत, कुठे बारा. शिवाय पाहणारी नजर सावध असायची. चांगल्या वर्षी ती हात आखडता घ्यायची, वाईट वर्षी पुरते वाईट लिहायला धजत नसे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मेली. पुढे चौकशी आयोग बसला तेव्हा पिकांचे सरकारी आकडे किती बेभरवशाचे होते, हेही त्याला नोंदवावे लागले.

हे आकडे नजरेवरून काढून मोजमापावर आणण्याच्या कामात दोन मराठी माणसांचा मोठा वाटा आहे. त्यातले एक आपल्या इंदूरचे. जन्माने कुठलेही असोत, ज्यांनी उमेदीची वर्षे इथल्या काळ्या मातीत घालवली, त्यांना आम्ही इंदूरचेच मानतो. ते म्हणजे विनायक गोविंद पानसे. दुसरे पांडुरंग वासुदेव सुखात्मे.

इंदूरचे कृषी महाविद्यालय आपल्या सर्वांच्या ओळखीचे. त्याची पूर्वज संस्था म्हणजे होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर १९२४ साली अल्बर्ट हॉवर्ड यांनी उभी केलेली 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री'. इथले कंपोस्ट खत 'इंदूर पद्धत' म्हणून जगभर गेले. त्यावरच्या १९३१ च्या पुस्तकावर हॉवर्ड यांच्याबरोबर वाय. डी. वाड हे मराठी नाव आहे. खताची कीर्ती झाली, पण त्याच आवारात कापसाच्या वाफ्यांवर चाललेले दुसरे काम फारसे कोणाला ठाऊक नाही.

कापसाचा सुधारित वाण निवडायचा म्हणजे काय करायचे? शंभर झाडांचे बी शंभर ओळींत पेरायचे, जी ओळ भरघोस येईल ती ठेवायची, असे पूर्वी करत. पण माळव्याची जमीन सारखी थोडीच असते! एक ओळ खोलगट, ओल धरणाऱ्या जागेत पडते, दुसरी मुरमाड जागेवर. मग आपण वाण निवडला की जागा? इंग्लंडमधील रोथॅमस्टेडच्या शेतीकेंद्रात १९१९ पासून काम करणाऱ्या रोनाल्ड फिशर यांनी यावर तोड काढली होती. प्रत्येक वाण अनेक वाफ्यांत लावायचा आणि कोणत्या वाफ्यात कोणता, हे माणसाने न ठरवता चिठ्ठ्या टाकून ठरवायचे. असे केले म्हणजे जमिनीची लहर सगळ्यांच्या वाट्याला येते आणि ती किती आहे तेही मोजता येते. १९३० च्या दशकात इंदूरला आलेले जोसेफ हचिन्सन आणि पानसे यांनी ही रीत कापसाच्या पैदाशीला लावली. वाण-चाचण्यांची आखणी कशी करावी यावरचा त्यांचा लेख १९३७ चा आहे.

सुखात्मे यांचा मार्ग वेगळा. सातारा जिल्ह्यातील बुध हे त्यांचे गाव, जन्म १९११ चा. पुण्याच्या फर्ग्युसनमधून ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले. तिथे येर्झी नेमन आणि इगॉन पीअरसन यांच्याजवळ शिकले. थोडे नमुने पाहून सगळ्याचा अंदाज कसा बांधायचा, आणि तो किती चुकू शकतो हेही कसे सांगायचे, हा त्यांचा विषय होता. १९४० मध्ये ते दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत रुजू झाले.

पुढच्या काही वर्षांत आकाराला आलेली पद्धत सांगायला सोपी आहे. तहसिलीतली काही गावे चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडायची. गावातली एकदोन शेते तशीच निवडायची. शेताच्या कोपऱ्यापासून ठरलेली पावले चालून एक तुकडा आखायचा, खुंट्या ठोकून दोरी बांधायची. आतले पीक कापायचे, मळायचे, तोलायचे. हाच पीक कापणी प्रयोग. वऱ्हाडातल्या कापसावर पानसे आणि रा. ज. काळमकर यांनी केलेल्या अशाच कामाचे लेख १९४४ च्या 'करंट सायन्स'मध्ये आहेत.

वाद पेटला तो तुकडा केवढा असावा यावर. कलकत्त्याचे प्रशांतचंद्र महालनोबीस हे या क्षेत्रातले सर्वांत मोठे नाव. त्यांचा कल लहान वर्तुळांकडे होता. दोन फूट, चार फूट अशा त्रिज्येची वर्तुळे, ती पुष्कळ ठिकाणी आणि स्वतः तयार केलेल्या माणसांकडून. हिशेबाने ते बरोबरच होते. त्याच खर्चात जास्त जागा पाहून होतात आणि जागा जितक्या जास्त तितका अंदाज पक्का. सुखात्मे यांचे म्हणणे होते की तुकडा मोठाच हवा, आणि काम महसूल व शेती खात्याच्या नेहमीच्या माणसांनाही जमले पाहिजे.

आता स्वतःला त्या शेतात उभे करून पाहा. दाट गहू, मधोमध दोन फूट त्रिज्येचे कडे. काठावरचे रोप आत धरायचे की बाहेर? नियम आहे की मूळ पाहावे. पण कापणाऱ्याचा हात भरल्या ओंबीकडे जातो. दोन फुटी वर्तुळाचे क्षेत्र साडेबारा चौरस फूट. हात सगळीकडून फक्त दोन इंच बाहेर गेला तरी क्षेत्र १७ टक्क्यांनी वाढते. उलट ३३ फूट बाय साडेसोळा फुटांच्या तुकड्यात, म्हणजे बरोबर अर्ध्या गुंठ्यात, तेच दोन इंच अवघा ३ टक्के फरक करतात. वाचकांनी कागद-पेन्सिल घेऊन हा हिशेब जरूर करून पाहावा.

खरी मेख पुढेच आहे. माणूस कधी जास्त कापतो, कधी कमी, असे असते तर शेकडो शेतांत ते एकमेकांत जिरून गेले असते. पण चूक एकाच बाजूची असेल तर जिरत नाही. पासंग असलेल्या तराजूने शंभरदा तोलले म्हणून वजन खरे होत नाही, उलट आपली खात्री मात्र वाढते. समजा तहसिलीत एक लाख एकर गहू आहे, एकरी ८ मण. उतारा दहा टक्के फुगला तर ८० हजार मण गहू फक्त कागदावर पिकला. सरकार तो हिशेबात धरणार. रेशनच्या दुकानात तो येणार कुठून?

सुखात्मे यांनी वाद तर्कावर सोडला नाही. १९४४-४५ च्या हंगामात मुरादाबाद जिल्ह्यातील गव्हावर वेगवेगळ्या आकारांचे तुकडे कापून पाहिले. तुकडा जितका लहान, उतारा तितका फुगलेला. १९४६ मध्ये 'नेचर'मध्ये त्यांनी हे मांडले. पुढच्या वर्षी पानसे यांनीही तिथेच तुकड्याच्या आकारावर लिहिले. आपल्या माणसांची बाजू घेण्याचा मोह होतो खरा, पण अगदी लहान वर्तुळांत फुगवटा येतो हे महालनोबीसांच्या चमूलाही दिसले होते, हे सांगितले पाहिजे. त्यांचे म्हणणे एवढेच की माणसे नीट तयार केली तर मध्यम वर्तुळे चालतात. आम्हाला विचाराल तर दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. फक्त देशाकडे होते ते पटवारी, कलकत्त्यात तयार झालेले पाहणीदार नव्हेत.

१९५१ मध्ये सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत रोमला गेले. दिल्लीचे काम पानसे यांच्याकडे आले. १९५४ साली दोघांचे 'स्टॅटिस्टिकल मेथड्स फॉर अ‍ॅग्रिकल्चरल वर्कर्स' निघाले. कृषी महाविद्यालयात शिकलेला कोणी घरात असेल तर त्याचा प्रबंध उघडून पाहा. 'पानसे व सुखात्मे' ही जोडी संदर्भात बहुधा सापडेलच, आणि ती दोन माणसे आहेत हे त्यालाही कदाचित माहीत नसेल. दिल्लीच्या कृषी सांख्यिकी संस्थेतल्या वसतिगृहांना या दोघांची नावे आहेत.

पीक विम्याची भरपाई ठरवताना आजही गावोगावी कापणी प्रयोग होतात. तुकडा अनेक पिकांसाठी पाच बाय पाच मीटरचा असतो. पंचांसमोर खुंट्या ठोकल्या जातात, दोरी ताणली जाते, आणि दोरीखाली आलेल्या रोपाचे मूळ कुठे आहे ते वाकून पाहिले जाते.