पोलीसप्रमुखाची पळापळ

गुन्हेगारांचा कर्दनकाळ म्हणून गाजलेला पोलीसप्रमुख जीव वाचवायला परक्या देशाच्या वकिलातीत शिरतो, याचं मला अजून नवल वाटतं. चीनमधल्या चोंगचिंगचे वांग लिजुन हे ते गृहस्थ. पक्षनेते बो शिलाय यांच्या आशीर्वादानं त्यांनी टोळ्या मोडल्या. कबुलीसाठी छळ झाल्याच्या तक्रारीही आल्या. २०११ मध्ये बो यांच्या पत्नीनं नील हेवूड या ब्रिटिश व्यावसायिकाला विष दिलं. वांग यांनी ते आधी दडपलं, मग बो यांच्याच कानावर घातलं. बदल्यात काय मिळालं? थोबाडीत! ६ फेब्रुवारी २०१२ रोजी त्यांनी चंगदूची अमेरिकी वकिलात गाठली. तिथून ते बाहेर पडले ते बीजिंगच्या अधिकाऱ्यांच्या ताब्यात. सप्टेंबरमध्ये त्यांना १५ वर्षांची शिक्षा झाली. २०१३ मध्ये बो यांना जन्मठेप.