खाजगी माध्यमिक शाळांतील अध्यापनाची काटेकोरता आणि परीक्षेचा ताण : एक ऐतिहासिक तुलना

प्रस्तावना : लासलगाव ज्या निफाड तालुक्यात येते, त्या निफाड येथे १८४२ मध्ये न्या. महादेव गोविंद रानडे यांचा जन्म झाला. १८५९ मध्ये झालेली मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा ते उत्तीर्ण झाले. पुढे हीच परीक्षा खाजगी शाळांचे मोजमाप ठरली.

तुलना : विष्णुशास्त्री चिपळूणकर व टिळक यांनी १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. सरकारी हायस्कूलच्या तोडीचे शिक्षण एतद्देशीयांच्या हातून देता येते, हे सिद्ध करण्यासाठी मॅट्रिकचा निकाल महत्त्वाचा होता. १९१४ मध्ये नाशिक येथे स्थापन झालेल्या मराठा विद्या प्रसारक समाजापुढील प्रश्न निराळा होता. शेतकऱ्याचे मूल शाळेपर्यंत पोहोचणे हेच पहिले आव्हान असल्याने वसतिगृहाला शाळेइतकेच महत्त्व आले. एकीकडे ताण गुणांचा होता, तर दुसरीकडे शिक्षणात टिकून राहण्याचा. १९४९ मध्ये मॅट्रिकची जागा एस.एस.सी.ने घेतली, मोजमाप मात्र निकालाचेच राहिले.

निष्कर्ष : अध्यापनाची काटेकोरता आणि परीक्षेचा ताण या भिन्न बाबी आहेत. लासलगावसारख्या कांद्याच्या बाजारपेठेच्या गावी केवळ निकालावरून शाळेचे मूल्यमापन केल्यास, घराण्यात प्रथमच शिकणाऱ्या विद्यार्थ्याने कापलेले अंतर हिशेबात येत नाही.