दहा दिवसांची भाषा आणि कच्चा टाका

आपल्या मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभे राहिले, तर ‘बीटा’ हा शब्द एकदा तरी कानावर पडतोच. ज्यांचा या व्यवसायाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रोग्रॅम जवळजवळ तयार झाला, पण अजून खात्री नाही, अशा वेळी तो काही लोकांना वापरायला द्यायचा. त्यांनी दोष कळवायचे, आपण ते दुरुस्त करायचे आणि मग पक्की आवृत्ती बाजारात आणायची. शिंपी कच्चे टाके घालून कपडा अंगावर चढवून बघतो, तसाच हा प्रकार. बेतला नाही तर उसवायचा.

पण कच्च्या टाक्यांचाच कपडा घालून गिऱ्हाईक लग्नाला निघून गेले तर? वेबच्या इतिहासात नेमके हेच घडले. आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक वेबपानामागे जी भाषा आहे, ती जावास्क्रिप्ट, ही अशाच एका कच्च्या शिलाईतून आली आणि तिचे काही टाके तीस वर्षांनंतरही उसवता आलेले नाहीत. ते का, हे समजून घेण्यासारखे आहे.

नेटस्केप ही कंपनी जिम क्लार्क आणि मार्क अँड्रीसन यांनी १९९४ च्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियात काढली. १३ ऑक्टोबर १९९४ रोजी तिने आपल्या ब्राऊझरची बीटा आवृत्ती इंटरनेटवर मोफत ठेवली. एरवी चाचणीची आवृत्ती डिस्कवर घालून निवडक गिऱ्हाइकांकडे पाठवायची पद्धत होती. इथे ज्याच्याकडे मोडेम तो परीक्षक! पुढे ९ ऑगस्ट १९९५ रोजी कंपनीचे शेअर २८ डॉलरला विक्रीला आले आणि दिवस संपताना भाव ५८ डॉलरच्या वर गेला होता. त्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टने आपला इंटरनेट एक्सप्लोरर आणला. आता नेटस्केपला थांबायला सवड नव्हती.

त्या काळचे वेबपान म्हणजे भिंतीवर चिकटवलेली नोटीस. एखादा फॉर्म भरून पाठवला की तो सर्व्हरकडे जाणार, तिथे तपासला जाणार आणि ‘तुम्ही पिनकोड लिहायला विसरलात’ हे कळायला मोडेमच्या तारेवरून सगळे पान परत येणार. एवढ्या छोट्या गोष्टी ब्राऊझरमध्येच उरकाव्यात, असे सर्वांनाच वाटत होते. सन मायक्रोसिस्टिम्सची जावा ही भाषा नेटस्केप आपल्या ब्राऊझरमध्ये घेणार होतीच. पण ती पट्टीच्या प्रोग्रॅमरांसाठी. हौसेने पाने बनवणाऱ्या माणसाला पेलेल अशी एक धाकटी भाषा हवी होती.

हे काम ब्रेंडन आइक यांच्याकडे आले. ते एप्रिल १९९५ मध्ये कंपनीत रुजू झाले होते. त्यांना स्कीम या भाषेच्या धर्तीवर काम करायचे होते. पण वरून हुकूम आला की भाषा जावासारखी दिसली पाहिजे. त्यांनी मे महिन्यात दहा दिवसांत पहिला नमुना उभा केला. वरचा पोशाख जावाचा, आतला विचार स्कीमचा आणि सेल्फ नावाच्या आणखी एका भाषेचा, असे ते मिश्रण होते. आधी तिचे नाव ‘मोका’ होते. सप्टेंबर १९९५ मध्ये नॅव्हिगेटर २.० च्या बीटामध्ये ती ‘लाइव्हस्क्रिप्ट’ म्हणून बाहेर आली. ४ डिसेंबर १९९५ रोजी नेटस्केप आणि सन यांनी मिळून तिचे बारसे पुन्हा केले आणि नाव ठेवले जावास्क्रिप्ट. जावा गाजत होती, त्या नावाचा फायदा! दोन्ही भाषांचे नाते मात्र आडनाव सारखे असलेल्या दोन कुटुंबांइतकेच. पक्की आवृत्ती मार्च १९९६ मध्ये आली.

म्हणजे नमुन्यापासून पक्क्या आवृत्तीपर्यंत एक वर्षही लागले नाही. पण तेवढ्या काळात बीटा उतरवून घेणाऱ्या लोकांनी आपली पाने तिच्यावर बांधायला सुरुवात केली होती. फॉर्म जागच्या जागी तपासला जातो, पानावर आजची तारीख दिसते, याचे तेव्हा केवढे अप्रूप होते!

आता कच्च्या टाक्यांकडे वळू. पहिला टाका तुलनेचा. आकडा आणि अक्षरे यांची तुलना करताना भाषेने आपणहून रूपांतर करून घ्यावे, असा आग्रह कंपनीतल्याच काही पहिल्या वापरणाऱ्यांनी धरला आणि आइक यांनी तो मानला. याबद्दल त्यांनी पुढे उघडपणे पश्चात्ताप व्यक्त केला आहे. या नियमाने रिकामी जागा शून्याबरोबर ठरते. अक्षरांत लिहिलेले शून्यही शून्याबरोबर ठरते. पण रिकामी जागा आणि अक्षरांतले शून्य मात्र एकमेकांबरोबर नाहीत! शाळेत भूमितीच्या गुरुजींनी हे उत्तर ऐकले असते तर बाकावर उभे केले असते.

दुसरा टाका तारखेचा. या भाषेत महिन्याची एक तारीख म्हणजे एकच, पण जानेवारी म्हणजे शून्य आणि डिसेंबर म्हणजे अकरा. ही खोड त्या वेळच्या जावाकडून जशीच्या तशी उचलली गेली. तिथूनच वर्षाची सोयही आली. वर्ष विचारले की भाषा त्यातून १९०० वजा करून उत्तर देई. लोकांनी त्या आकड्याच्या आधी ‘१९’ चिकटवले आणि १९९९ पर्यंत सगळे सुरळीत चालले. १ जानेवारी २००० रोजी अनेक वेबपानांवर वर्ष उमटले १९१००!

हा योगायोग आपल्यासाठी जरा बोचरा आहे. भारतातून कितीतरी इंजिनिअर त्या सुमारास एच-१बी व्हिसावर या देशात आले ते वर्षाच्या दोन आकड्यांचीच दुरुस्ती करायला. कोबॉलच्या त्या जुन्या प्रोग्रॅमांना निदान सबब होती. १९६० च्या दशकात मेमरी महाग होती आणि दोन आकडे वाचवणे हा शहाणपणा होता. १९९५ च्या नव्याकोऱ्या भाषेला ती सबबही नव्हती. इथे वाचवले गेले ते दिवस.

मग हे टाके उसवले का नाहीत? प्रयत्न झाला. मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट १९९६ मध्ये आपल्या ब्राऊझरमध्ये या भाषेची नक्कल ‘जेस्क्रिप्ट’ नावाने आणली. लोकांची पाने दोन्हीकडे सारखी चालायची, तर नकलेत मूळ खोडीही घ्याव्या लागल्या. जून १९९७ मध्ये एक्मा या संस्थेने भाषेचे प्रमाण प्रसिद्ध केले. त्याच वर्षी नेटस्केपने नॅव्हिगेटर ४ मध्ये तुलनेचा नियम कडक करून पाहिला. पण प्रमाणात जुना सैल नियमच राहिला. अखेर डिसेंबर १९९९ च्या तिसऱ्या आवृत्तीत कडक तुलनेसाठी वेगळे चिन्ह आले. दोन बरोबरच्या चिन्हांची सैल, तीन चिन्हांची कडक. जुने तसेच ठेवून शेजारी नवे बांधायचे, हाच पुढे रिवाज झाला. वर्षाचे पूर्ण चार आकडे देणारी सोयही अशीच जुनीच्या शेजारी येऊन बसली.

हा रिवाज किती कडक आहे याचे एक उदाहरण २०१८ मधले. भाषेत एक नवी सोय ‘फ्लॅटन’ नावाने यायची होती. चाचणीत दिसले की मूटूल्स या दशकभर जुन्या साधनावर बांधलेली काही पाने त्यामुळे मोडतात. पाने जुनी, साधनही मागे पडलेले. तरी समितीने नाव बदलून ‘फ्लॅट’ केले. ज्याने पूर्वी विश्वासाने बांधले, त्याचे घर आपल्या सुधारणेपायी पडता कामा नये, ही त्यामागची भूमिका.

व्यवसायातले माझे तरुण सहकारी या खोडींना हसतात. मला मात्र या गोष्टीचा अर्थ वेगळा लागतो. बीटामधले दोष राहून गेले हे खरे. पण त्याच नियमामुळे १९९६ मध्ये कुणी हौशी माणसाने लिहिलेले साधे पान आजच्या ब्राऊझरमध्येही बहुधा चालते. इतका शब्द पाळणारे तंत्रज्ञान विरळा.

त्याच काळातल्या आपल्या मराठी पानांकडे पाहिले की हा फरक टोचतो. देवनागरी लिपी युनिकोडमध्ये १९९१ पासून होती, पण विंडोजमध्ये ती नीट दिसायला विंडोज २००० उजाडावे लागले. तोवर आपण रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले फाँट वापरले. प्रत्येक फाँटची मांडणी निराळी, त्यांना सामाईक प्रमाण नाही आणि ‘जुने मोडायचे नाही’ असे म्हणणारी समितीही नाही. परिणाम असा की त्या पानावरची तारीख दाखवणारी चार ओळींची स्क्रिप्ट आजही चालते आणि तिच्या शेजारचा मराठी मजकूर रोमन अक्षरांचा कचरा होऊन दिसतो. यंत्राची भाषा टिकली, माणसाची गेली!

अर्थात ती कायमची गेलेली नाही. मूळ फाँट हाती असेल तर कुठले अक्षर कुठे बसवले होते हे कळते आणि मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो. काम किचकट आहे, जोडाक्षरे आणि रफार छळतात, पण अशक्य नाही. ज्या मंडळांच्या जुन्या अंकांच्या फायली कुणाच्या तळघरातल्या संगणकावर पडून आहेत, त्यांनी फाँट आणि फायली दोन्ही आधी जपून ठेवाव्यात. त्या अंकांत पहिल्या पिढीची पत्रे आहेत, नाटकांचे वृत्तांत आहेत, गेलेल्या माणसांवरचे लेख आहेत. फाँट निवडताना ‘तूर्त चालवून घेऊ’ असेच सर्वांनी म्हटले होते. आइकही दहा दिवसांत तेच करत होते. फरक एवढाच की त्यांचे तूर्तचे काम सांभाळायला पुढे सगळे जग उभे राहिले. आपले आपल्यालाच सांभाळावे लागेल.