मासा कुठल्या पाण्याचा?

नवेगाव बांधच्या काठी मासळीचा ढीग पडला म्हणजे दोन प्रश्न हमखास उठतात : भाव काय, आणि मासा कुठला? पहिल्या प्रश्नावर भांडण्यात आम्हां युनियनवाल्यांचा जन्म गेला. आज दुसऱ्याविषयी बोलावयाचे आहे. कारण मासा कुठला हे ठरल्यावाचून तो कुणाचा हे ठरत नाही, आणि त्यावरून राष्ट्राराष्ट्रांत तंटे झालेले आहेत.

युरोपात पूर्वी अशी समजूत होती की, हेरिंग माशांचा एकच प्रचंड थवा दरसाल उत्तर ध्रुवाकडून खाली येतो. फ्रीडरिख हाइन्के या जर्मन संशोधकाने चिकाटीने हजारो हेरिंग चिरून त्यांच्या कण्याचे मणके मोजले, अंगाची मापे घेतली, आणि 1898 साली दाखवून दिले की हे एक कुळ नव्हे; निरनिराळ्या पाण्यांतील ही निरनिराळी कुळे आहेत. एका माशावरून काही कळत नाही, शेकडोंची सरासरी घ्यावी लागते. हे काम कारकुनाचेच. पण त्यातूनच एक शास्त्र उभे राहिले.

खरा कस लागला तो उत्तर पॅसिफिक महासागरात. सॅमन मासा नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यास आपल्याच नदीत परततो. भर समुद्रात मात्र आशियाचे व अमेरिकेचे सॅमन एकाच जाळ्यात सापडतात. 1952 साली जपान, अमेरिका व कॅनडा यांनी टोकियोत करार केला, की 175 अंश पश्चिम रेखांशाच्या पूर्वेस जपानने सॅमन धरू नये. रेषा तात्पुरती होती. ती योग्य आहे की नाही हे शास्त्रज्ञांनी ठरवावयाचे होते. पण समुद्रात पोहणाऱ्या माशाला त्याचे गाव विचारावे कसे?

कॅनडाच्या लिओ मार्गोलिस यांनी ते कृमींकडून वदवून घेतले. पश्चिम अलास्कातील सरोवरांत पाइक नावाचा हिंस्र मासा असतो. त्याच्या आतड्यातील एका पट्टकृमीची अंडी पाण्यात पडतात, ती बारीक जलजीवांच्या पोटात वाढतात, आणि ते जीव खाणाऱ्या सॅमनच्या पिलांच्या मांसात कृमीचे पिलू घर करते. समुद्रात हा कृमी लागत नाही. लागलेला मात्र माशाबरोबर समुद्रात जातो. कामचाटकाकडील सॅमनच्या आतड्यात निराळाच गोल कृमी आढळतो. मार्गोलिस यांचा निष्कर्ष 1963 साली प्रसिद्ध झाला. अलास्काच्या ब्रिस्टल उपसागराकडील मासे रेषा ओलांडून पुष्कळच पश्चिमेला जात होते! अर्थात, कृमी सापडला तर साक्ष मिळते. न सापडला तर काहीच सिद्ध होत नाही, कारण प्रत्येक माशाला तो लागत नाही. पुढे 1978 साली करार दुरुस्त झाला आणि जपानची सॅमन-मासेमारी बव्हंशी 175 अंश पूर्व रेखांशाच्या पश्चिमेला ढकलली गेली. त्यात 200 मैलांच्या नव्या सागरी हद्दींचाही जोर होता. एकट्या कृमीने ते घडविले असे आम्ही म्हणणार नाही. जहाजांवर राबणाऱ्या खलाशांना मात्र कुणी विचारले असेल असे वाटत नाही.

आता आमच्या तलावांकडे वळू. कोहळ्यांनी बांधलेले हे मामा तलाव 1951 साली मालगुजारी संपल्यावर सरकारकडे गेले. जाळे तेव्हाही ढिवरांच्या हाती होते, आजही त्यांच्या संस्थांच्या हाती आहे. 1957 साली हिरालाल चौधरी यांनी ओडिशात टोचणी देऊन मोठ्या जातीच्या माशांची अंडी मिळविली. तेव्हापासून रोहू, कटला, मृगळ यांचे बीज गाडीने गावोगाव पोचू लागले. उत्पन्न वाढले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण रोहू मुळचा उत्तरेकडील नद्यांचा, आणि आमची वैनगंगा गोदावरीच्या कुळातली. मरळ, वाम आणि चढणीचे लहान मासे इथल्या नाल्यांचे. भंडारा-गोंदियातील काही ढिवर संस्थांनी भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळासह तलावांत देशी पाणवनस्पती लावून हे मासे परत आणण्याचा उद्योग मांडला आहे.

त्यांच्यापुढचा प्रश्न हाइन्केचाच आहे. दुसऱ्या खोऱ्यातील मरळ आणून इथल्या मरळीत मिसळली, तर दिसण्यात फरक कळणार नाही, पण इथले कुळ निराळे असेल तर ते पुसले जाईल. आज त्याची खूण पाहण्यास मणके आणि कृमी यांखेरीज माशाच्या कानातला खडाही हाताशी आहे. झाडाच्या खोडाप्रमाणे त्यावर वर्तुळे चढत जातात, आणि ज्या पाण्यात मासा वाढला त्या पाण्यातील काही क्षार त्या वर्तुळांत अडकून राहतात. मासा खाताना हा पांढरा खडा आपण थुंकून टाकतो.