काट्यांचा ताळेबंद

माणूस मासे केव्हा खाऊ लागला, हे इतिहासकार सांगतात. पण काटा घशात अडकलेल्याला कोरड्या भाताचा गोळा गिळायला पहिल्यांदा कुणी लावलं, याची नोंद कुठल्याही बखरीत नाही. मोठ्या माशांचं ठीक आहे हो. सुरमईचा काटा उपसला, ताटाच्या कडेला ठेवला, खातं बंद! पण तारली, पेडवे, मांदेली म्हणजे ठेव चार आण्यांची आणि नोंदी चारशे. इथे भल्याभल्या बी. कॉम.वाल्यांचा ताळेबंद जुळत नाही.

चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ११२९ च्या सुमाराच्या ‘मानसोल्लासा’त मासे पकडण्यापासून रांधण्यापर्यंत सारं आहे. राजाच्या पानातले काटे कोण काढत असे, असले प्रश्न मात्र आमच्यासारख्या कारकुनांनाच पडायचे.

पुढची नोंद फ्रान्सची. निकोला आपेर नावाच्या हलवायाने अन्न बाटलीत घालून, बूच घट्ट मारून, उकळत्या पाण्यात ठेवून टिकवून दाखवलं. १८१० साली सरकारने त्याला १२,००० फ्रँक दिले, अट एवढीच की युक्ती छापून जाहीर कर. त्यानंतर १८२४ मध्ये नांत शहरात जोसेफ कोलँ याने तारल्या डब्यात भरण्याचा कारखाना काढला. डबा तापला की काट्यातला चिवट भाग विरघळतो, उरलेला चुना इतका ठिसूळ होतो की जिभेनेही चिरडतो. काटे न काढता काटे नाहीसे! आमच्या बँकेत याला ‘निर्लेखन’ म्हणतात आणि त्याला वरून मंजुरी लागते.

आमचा बोंबील याहून पुढे. अंगात बहुतेक पाणी, काटा मऊ, म्हणजे जन्मतःच निर्लेखित. इंग्रज त्याला ‘बाँबे डक’ म्हणत. सुके बोंबील डाकगाडीतून जात म्हणून हे नाव पडलं, असं आमचे एक वरिष्ठ दर शुक्रवारी डबा उघडताना सांगतात. आता तारखा बघा. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी सुटली १६ एप्रिल १८५३ ला. आणि ‘बाँबे डक’ हे नाव १८२९ साली लंडनात छापलेल्या एका कवितांच्या पुस्तकात आहे. चोवीस वर्षं आधी! पुढच्या तारखेचा चेक आम्ही वटवत नाही, पण साहेबांची गोष्ट दर शुक्रवारी वटते. बढती त्यांच्या हाती आहे.

या इतिहासात आमच्या आजीचं नाव नाही, आणि मला वाटतं तिथेच हिशेबात घोळ आहे. मांदेलीचं डोकं ती चिमटीत मोडून अलगद ओढायची, पोटातली घाण मागोमाग बाहेर. तारलीच्या पोटात अंगठा घालून पुस्तकासारखी उघडायची आणि मधला काटा शेपटीपर्यंत सोलून काढायची. बोंबील चिरून, काटा काढून, पाट्याखाली दाबून ठेवायची, पाणी निथळलं की आगळ, हळद, तिखट, मीठ लावून तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर. मांदेली तर अशी कुरकुरीत तळायची की काटा कुठला आणि मासा कुठला, हे तपासनिसालाही कळू नये.

आजोबांना मोतीबिंदूने दिसेनासं झालं, तेव्हा ती त्यांच्याशेजारी बसून तारलीच्या आमटीतला एकेक बारीक काटा बोटांनी चाचपून काढायची आणि घास त्यांच्या हातात द्यायची. स्वतः जेवायची सगळ्यांच्या मागून. तिच्या वाट्याला डोकी आणि काटेच जास्त.

ती गेल्यावर आईने, काकूने, सगळ्यांनी काटे काढून दिले. आजोबा पहिला घास तोंडात नुसता घोळवत बसायचे, गिळायचेच नाहीत. मग एक दिवस म्हणाले, “सूनबाई, तारली नको हो आता. बोंबीलच आणत जा.”


बाजार कुठलाही असो, बोंबीलच यायचे. पावसाळ्यात सुके.