वळिवड्याला पोहोचलेले १९४० साल

रेवसच्या धक्क्यावर उभे राहिले की मुंबई बंदरात ये-जा करणारी जहाजे दूरवर दिसतात. १९४७-४८ साली याच बंदरातून कोल्हापूरजवळच्या वळीवडे छावणीतील पोलिश कुटुंबे भारताचा निरोप घेऊन गेली. पोलंड म्हटले की आपल्याला पोप दुसरे जॉन पॉल आठवतात. त्यांचे हे देशबांधव पंचगंगेकाठी कसे आले, हे शोधू गेल्यास सोव्हिएत संघाच्या १९४० या सालापाशी थांबावे लागते.

लिहिताना आम्हांला थोडा संकोच होतो. अलिबाग तालुक्यात लाल बावटा हा कुळांचा कैवारी मानला जातो. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे खोतांविरुद्ध संप केला. उपासमार सोसली, पण माघार घेतली नाही. त्या लढ्याविषयी आमच्या मनात आदरच आहे. परंतु चरीचा संप मिटला त्याच्या पुढच्याच वर्षी, शेतकरी-कामकऱ्यांच्या नावाने चालणाऱ्या एका राज्याने काय केले, तेही सांगितले पाहिजे.

सप्टेंबर १९३९ मध्ये हिटलर व स्टालिन यांनी पोलंड वाटून घेतला होता. १० फेब्रुवारी १९४० रोजी, ऐन हिमकाळात, पूर्व पोलंडमधील हजारो कुटुंबांना घरांतून उठवून मालगाड्यांत कोंबण्यात आले व उत्तरेकडील आणि सायबेरियातील अरण्यांत लाकूडतोडीस धाडण्यात आले. ५ मार्चला मॉस्कोत एका कागदावर सह्या झाल्या. त्यानुसार सुमारे बावीस हजार पोलिश बंदी गोळ्या घालून ठार करण्यात आले. कातीनच्या अरण्यातील कबरी त्यांतल्याच. १३ एप्रिलला अटकेतील माणसांच्या बायकामुलांना कझाकस्तानात नेण्यात आले. पती कोठे आहे, हे त्या स्त्रियांना कोणी सांगितले नाही.

जून १९४१ मध्ये जर्मनी उलटली, तेव्हा स्टालिनला पोलिश सैनिक हवेसे झाले. मग हद्दपारांना ‘माफी’ जाहीर झाली. (गुन्हा कोणता, ते विचारू नये.) १९४२ मध्ये एक लाखाहून अधिक लोक इराणला निसटले, मागे राहिले ते त्याहून पुष्कळ अधिक. निसटलेल्यांपैकी काही हजार भारतात आले. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला मुलांची सोय केली. वळिवड्याला १९४३ पासून सुमारे पाच हजार जण राहिले, त्यांत बहुतेक स्त्रिया व मुलेच. तेथे शाळा होत्या, चर्च होते. मिस्सा अर्थातच लॅटिनमध्ये. गीते मात्र पोलिश.

१९४८ मध्ये छावणी उठली. त्या बराकींत फाळणीने बेघर झालेले सिंधी बांधव आले. आजचे गांधीनगर ते हेच. कोल्हापुरात काही पोलिश कबरी मागे राहिल्या.

सोव्हिएत राज्य कातीनचा दोष जर्मनांच्या माथी मारीत राहिले. अपराध आपला, हे त्याने मान्य केले १३ एप्रिल १९९० रोजी. बायकामुलांना गाड्यांत भरले त्या दिवसाला बरोबर पन्नास वर्षे झाली होती. वळिवड्यात पतीच्या पत्राची वाट पाहिलेल्या कित्येक जणी तोवर हयात नव्हत्या.